कुंडलिकेवरची ज्वारी

आमच्या बियाणे कंपनीतल्या सर्व्हरांना नद्यांची नावं देण्याची हौस माझीच. जालना एमआयडीसीत यंत्राला इथल्या नदीचं नाव दिलं की ते ऐन उन्हाळ्यात दगा देणार, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

पहिली कुंडलिका. ती थकल्यावर पूर्णा आणि दुधना आणल्या. दोघी मिळून एकच डेटाबेस सांभाळायच्या. एक आजारी पडली की दुसरीने काम ओढायचं. कुंडलिकेच्या पोटातलं सगळं काढून घेतलं. डिस्कच्या चकचकीत चकत्या आमचा ऑपरेटर मच्छिंद्र अंबडजवळच्या आपल्या शेतात टांगायला घेऊन गेला. पाखरं भितात म्हणे. उरला लोखंडी खोका. तो उगवण प्रयोगशाळेत खिडकीपाशी ठेवला, ट्रे ठेवायला.

प्रयोगशाळा विमलताईंची. सहा वर्षं त्या कमी पाण्यात येणाऱ्या एका ज्वारीच्या मागे होत्या. सोमवारी समिती येऊन नोंदी पाहणार आणि हे वाण पुढे न्यायचं की बंद करायचं, ते ठरवणार. नेमका त्याआधीच्या शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीत, दोन्ही सर्व्हरांची ऑपरेटिंग सिस्टिम बदला असा मुख्य कार्यालयाचा हुकूम आला. मुख्य कार्यालयात कॅलेंडर असतं, पण ते भिंतीचे पोपडे झाकायला.

त्या शुक्रवारी सकाळी सांगायला गेलो तेव्हा विमलताई कुंडलिकेवरच्या ट्रेकडे बघत उभ्या होत्या. ओल्या कागदावर दाणे जसेच्या तसे.

"आठवडा झाला, एकालाही मोड नाही," त्या म्हणाल्या. "मूळ बियाण्यातलं हे शेवटचं. आता नोंदी तेवढ्या राहिल्या. त्या तरी सांभाळा."

"एक बंद असली की दुसरी चालू असते, ताई. म्हणून तर दोन घेतल्या."

"उन्हाळ्यात दोन्ही आटतात हो."

दुधनेवर सगळं काम टाकलं, पूर्णा बंद केली, सीडी घातली. नवी सिस्टिम अर्धी चढली आणि लाइट गेली. जनरेटर लागला, लाइट परत आली, आणि दुधनेतून जळक्या वायरचा वास सुटला. डेटाबेस ज्यात साठवायचा ती डिस्कांची पेटी दोघींची सामाईक; तीही त्याच झटक्यात गेली.

"सर, दुधना गेली," मच्छिंद्र मयताला आल्यासारखा म्हणाला.

"आणि पूर्णा?"

"ती ऑपरेशनच्या टेबलावर हाये न्हवं."

बॅकअपच्या टेपा काढल्या. दर शनिवारी हिरवा दिवा लागलेला बघून आम्ही खूश होऊन घरी जायचो. टेपांवर फोल्डरांची नावं निघाली. फोल्डरांत काही नव्हतं. मच्छिंद्रने एक टेप उलटी करून हलवून पाहिली. मी हसलो नाही. मघाशी मीही तेच केलं होतं.

विमलताईंना काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत होतो, तेवढ्यात इंटरकॉम वाजला. त्याच होत्या.

"झालं वाटतं काम?"

"ताई, तेच सांगणार होतो..."

"ज्वारीच्या नोंदी बघतेय. आज बिलकुल अडत नाही, पटापट उघडून राह्यल्यात."

आमच्या खोलीत सर्व्हरचा एकही पंखा फिरत नव्हता.

"ताई, कशालाही हात लावू नका."

माझ्या कॉम्प्युटरवर सर्व्हरांची स्थिती उघडली. पूर्णा: बंद. दुधना: बंद. खाली आणखी एक ओळ होती.

कुंडलिका: चालू.

"तिच्या चकत्या तर माझ्या रानात लटकून राह्यल्यात, सर."

"कुणीतरी जुनं नाव वापरलं असेल."

"कुणी? आज सुट्टी हाये."

दुपारी पूर्णा नव्या सिस्टिमसह उठली. कोरी. डेटा कुठून घ्यायचा, तिने विचारलं. पर्याय एकच दिसत होता.

मी शिकलेला माणूस आहे. एंटर दाबताना डोळे मिटले, एवढंच.

सहा वर्षं सावकाश उतरत राहिली. विमलताई तिकडून आपल्या पडद्यावरच्या नोंदींशी एकेक नोंद ताडून पाहत होत्या. एकही आकडा चुकला नाही.

शेवटची नोंद आली आणि कुंडलिकेची ओळ पुसली गेली.

आम्ही प्रयोगशाळेत गेलो. कुंडलिकेला वायर नव्हती. वायर खुपसायची जागासुद्धा आम्हीच उचकटून काढली होती. मी खोक्यावर हात ठेवला.

कोमट.

"ऊन लागलं असेल," मी म्हणालो.

"उत्तरेची खिडकी आहे ही," विमलताई म्हणाल्या. "ते सोडा. ट्रे बघा."

दाण्यादाण्याला बोटभर कोंब. सकाळी मेलेलं बी.

"मृगात पेरू," त्या म्हणाल्या.

"माझ्याच रानात पेरा, ताई," मच्छिंद्र म्हणाला. "राखणीला चकत्या हायेतच."

दोघं हसले. मीही हसलो, आणि मग नीट पाहिलं.

कोंब उजेडाकडे वळतात, हे मला विमलताईंनीच शिकवलं होतं. या सगळ्यांनी खिडकीकडे पाठ केली होती. ट्रेच्या काठावरून ते खाली लोखंडाकडे वाकले होते. आतून कुणी हळू बोलत असावं आणि ऐकायला वाकावं, तसे.