न कातरलेली लोकर

ही गोष्ट भिमामामांनी सांगितली. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे भाऊ. सगळा जन्म मेंढरांमागं गेला, आता गुडघे दुखतात म्हणून पाटसला आमच्याकडं असतात.

त्या रात्री लाईट गेली होती. आम्ही सगळे ओट्यावर बसलो होतो. माझा दीर साई मोबाईलवर कुठल्यातरी घाटाचे फोटो दाखवत होता. पुण्याची पोरं पाठीवर पिशव्या टाकून चार-चार दिवस डोंगर चढतात, त्याचे. त्यालाही जायचं होतं.

"आमची मेंढरं दरसाल चढायची," मामा म्हणाले. "त्येंचं कुणी फोटू काढलं न्हाईत."

सगळे हसले. साईनं पुढचा फोटो काढला. खिंडीच्या तोंडाशी दगडांची लहानशी रास होती. मामांनी मोबाईल हातात घेतला तो बराच वेळ परत दिलाच नाही.

"हितं मुक्काम करू नगंस, साई."

"का वो मामा?"

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. माझी छकुली मांडीवर झोपली होती. उठून आत जावं असं दोनदा वाटलं, पण गेले नाही.

गेणबा मामांच्याच वाड्यातला. वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, माणसं, सगळा चालता संसार. दिवाळी झाली की तो डोंगर ओलांडून कोकणात उतरायचा. ही तीन-चार वर्षांमागची गोष्ट. निघायच्या आदल्या दिवशी गेणबा दौंडच्या बाजारात गेला. घोड्याला दोर घेतला, मीठ घेतलं, आणि बायकोनं बजावून सांगितलेलं बाळाचं लोकरी टोपडं घेतलं. लाल मिळालं. हनुवटीखाली बांधायला दोन बंद होते.

"पोराला आणलंय का नवरीला?" त्याची बायको म्हाळसा म्हणाली. ती हसली आणि तेच टोपडं लेकराला, सार्थकला, घातलं. तो तेव्हा अजून बसायलाही लागला नव्हता.

भोरच्या पुढं त्यांनी डांबरी रस्ता सोडला. रस्त्यानं मेंढरं ट्रकखाली जातात, म्हणून जुन्या घाटवाटेनं निघाले. दिवसभर चढायचं, अंधार पडला की पाल टाकायचं, पहाटे पुन्हा वाट. माणसं पायी. तान्ही पोरं आणि नुकती जन्मलेली कोकरं घोड्यावर, सामानात खोळ करून. थंडी असली की लेकराला दोन कोकरांच्या मधी ठेवायचं. त्याच्याइतकं उबदार पांघरूण दुसरं नाही, मामा म्हणाले.

खिंड चढायच्या दिवशी सार्थकचं अंग तापलं होतं.

"आजच्या दिस थांबू या," म्हाळसा सासऱ्यांना म्हणाली.

हौसराव म्हणाले, "हितं पाणी न्हाई, चारा न्हाई, सूनबाई. मेंढरं मरतील. खिंड उतरली की खाली दवाखाना हाय."

तेही खोटं नव्हतं.

वर धुकं होतं. म्हाळसा घोड्याला लागून चालत होती. पलीकडून एक काळी मेंढी चालत होती. तिचं कोकरू वर होतं ना, ती घोडं सोडीना. सारखी ओरडायची. म्हाळसा मात्र गप्प. लेकरू जागं होईल म्हणून. वळण आलं की फक्त हात वर करून खोळीत घालायची.

"कसाय?" गेणबा पुढून विचारायचा.

"गरम हाय. निजलाय."

अजून एक वळण.

"निजलाय."

खिंडीत घोडं थांबवलं. आधी कोकरं उतरवली. मग लेकराला घेतलं...

मामा थांबले. विनोद, आमचे हे, खाली बघत बसले होते.

"ऊब कोकरांची हुती," मामा म्हणाले.

मी छकुलीच्या नाकाखाली बोट धरलं.

तिथंच माती उकरली. टोपड्याचे बंद म्हाळसानं स्वतः बांधले. वर दगड रचले. हौसराव म्हणाले, "चला. कुणी मागं बघायचं न्हाई. बघितलं की लेकरू मागं येतं."

म्हाळसानं ऐकलं. सगळा घाट उतरली, मान वळवली नाही.

कोकणात तिचा पान्हा आटेना. छातीला फडकं आवळून मेंढरांमागं फिरायची.

परत येताना त्याच खिंडीत मुक्काम पडला. वैशाखाची अमावस्या होती. म्हाळसा दगडांपाशी जाऊन बसली. छातीचं फडकं सोडलं.

"ऊठ, म्हाळसा," गेणबा म्हणाला.

"मागं बघितलं न्हाई म्हणून रुसलाय त्यो. आज बघत बसते. येऊ द्या त्याला."

वारा पडला. कुत्री पालाखाली शिरली.

मेंढरं कोंडलेल्या जाळीतून ती काळी मेंढी बाहेर आली. म्हाळसाच्या अंगावरून गेली. दगडांच्या पलीकडं. अंधारात.

मग आवाज आला. चुटूचुटू... चुटूचुटू...

कोकरू पितं तसा. पण तिचं कोकरू कधीच चरायला लागलं होतं. मेंढी आटून किती दिवस झाले होते.

"सार्थक?"

आवाज थांबला.

"हिकडं ये रं... आई हितं हाय..."

काहीच नाही.

मग पुन्हा... पलीकडंच.

म्हाळसानं पुढं केलेले हात मांडीवर ठेवले. "त्याला तीच ठावं हाय," ती म्हणाली. "वाटभर ती वरडत हुती. मी गपच चालले वो..."

उजाडलं तेव्हा मेंढी जाळीत होती. रास तशीच होती, एक दगड हलला नव्हता. मेंढीची कास ओली होती. आणि कासेजवळच्या लोकरीत टोपड्याचा लाल बंद अडकला होता. गाठ न सुटलेला.

गेणबा काढायला वाकला. म्हाळसानं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. त्याची खूण हाय."

मेंढी अजून आहे. दरवेळी लोकर कातरतात तेव्हा तेवढी मूठभर जागा सोडतात. तिथं हात लावला, मामा म्हणाले, तर अजून ओलं लागतं.