उघड्या हाताने

संशोधन केंद्रातले उंदीर सांभाळणाऱ्या काकांना कुणी रागावलेलं पाहिलं नव्हतं. काका चिडले तर कॅलेंडरवर खूण करून ठेवू, अशी तिथे थट्टा चालायची. काकाही हसायचे. आपण रागावर आयुष्यभर पहारा देत आलोय, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांनी आईचं मनगट दोनदा मोडलं होतं, आणि लहानपणी काकांकडे बघून नातेवाईक म्हणायचे, अगदी बापावर गेलाय. हे रक्त आपल्यापाशीच संपावं म्हणून त्यांनी लग्न केलं नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, एका खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवायचा. एकटेपण त्यांना खात होतं.

केंद्रात दर पिंजऱ्यात दोन उंदीर असत. चाळीस पिढ्या निवडून निवडून पैदास केलेले, कधी न चावणारे. दोघांपैकी खूण केलेल्याचं रोज सकाळी वजन करायचं, आणि हातमोजे घालूनच. काका अलीकडे मोजा काढायला लागले होते. ते धडधडणारं ऊबदार अंग मिनिटभर तळहातावर धरायचे. दिवसभरात जिवंत स्पर्श काय तो तेवढाच.

मग एका सकाळी एका पिंजऱ्यात मान फाडलेला उंदीर सापडला. आठवड्याभरात असे अकरा पिंजरे झाले. चावणारा दरवेळी खुणेचा निघायचा.

संशोधन करणाऱ्या मॅडमनी उंदरांचं रक्त तपासलं, खाणं बदललं. काही हाती लागेना. काका तापाने तीन दिवस घरी राहिले, तर चावे थांबले. ते परतले आणि पुन्हा सुरू झाले. तेव्हा काकांनी मोज्यांचं कबूल केलं. घामाचा वास असेल, म्हणत मॅडमनी त्यांच्या तळहाताचे नमुने घेतले.

"काका, तुमचा हात साधाच आहे हो," चार दिवसांनी त्या म्हणाल्या. अहवाल मात्र त्यांनी काकांच्या हातात न देता टेबलावर ठेवला.

त्याच रविवारी त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, घरी बोलावलं. तिच्या लेकीला जुळी बाळं झाली होती, तीन महिने झाले तरी काका फिरकले नव्हते. ते गेले, पण हात खिशात घालून बसले. ताईने विचारलंदेखील नाही. थोरलं उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

बाळाने त्यांचं बोट धरलं. काकांना रडू कोसळलं. तासभर ते हलले नाहीत, आणि बाळ शांत झोपलं. काही झालं नाही. घरी जाताना त्यांना वाटलं, आयुष्यभर आपण उगाच घाबरलो. पुढच्या रविवारी दोघांनाही घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला.

"तू घेतलेलं तर आता रडतच नाही. नुसतं टक लावून बघतं."

"आणि धाकटं?"

"तेही गप्पच. एक गंमत सांगू? दोघांना एकाच पाळण्यात झोपवतो ना, तर धाकटं कालपासून दरवेळी पार कडेला जाऊन चिकटलेलं असतं."

काकांनी मोकळा हात उघडून तळव्याकडे पाहिलं.

"कसं जातं कुणास ठाऊक," ताई हसत म्हणाली. "अजून कूससुद्धा बदलता येत नाही त्याला."