घंटावाल्याच्या नजरेचा दाखला

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आपल्या चष्म्याच्या दुकानाचं शटर वर केलं न केलं तोच फादर आत आले. सोबत चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा. बारा वर्षं ठार आंधळा असलेला हा माणूस रविवारपासून पाहू लागला होता, आणि धर्मगुरूंच्या मोठ्या कचेरीला या चमत्काराचा डॉक्टरी दाखला हवा होता.

"तपासा आणि दिसेल ते लिहा," फादर म्हणाले.

डॉक्टरांचा पारा तिथेच चढला. आतल्या खोलीत त्यांची बायको बसली होती. काचबिंदूने दोन वर्षांत तिची नजर पार गेली होती. प्रार्थना करून डॉक्टरांचे गुडघे झिजले, पण तिकडून हूं की चूं नाही. या म्हाताऱ्याने तर काही मागितलंही नव्हतं.

"चमत्कार ही खूण असते, डॉक्टर. औषध नव्हे."

"मग खुणा पुरे झाल्या म्हणावं देवाला. आधी माझ्या बायकोला दिसू दे, मग हवं ते लिहितो."

त्यांनी म्हाताऱ्याच्या डोळ्यांत उजेड टाकला. बाहुल्या हलल्या नाहीत. आतली नस पांढरीफटक, वाळलेली. तरी गडी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं धडाधड वाचत होता. पाठ करून आला असेल म्हणून डॉक्टरांनी तक्ता बदलला. त्याने तोही वाचला. मग त्यांनी दोन्ही डोळ्यांवर काळ्या चकत्या चढवल्या.

तो वाचतच राहिला.

"आता भिंतीमागचं सांगू?" त्याने विचारलं. "बाई रडतायत."

डॉक्टरांनी दाखल्यावर 'दृष्टी शून्य' असं लिहिलं, सही ठोकली, पाकीट चिकटवलं आणि ते हातात घेऊनच आत गेले.

बायको भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"अहो, शून्य का लिहिलंत?"

त्यांनी हातातलं पाकीट उलटून पाहिलं; ते चिकटलेलंच होतं. मग आनंदाने ते तिच्यासमोर बसले, तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या हलल्या नाहीत.

"माझा चेहरा दिसतो?"

"चेहरा नाही. कवटी दिसते. डावीकडची दाढ पोखरलीये."

दारात फादर उभे होते. "आता लिहाल?"

"नाही." डॉक्टरांनी मान ताठ केली. "तिला डोळे हवे होते. ही असली खूण परत घेऊन जा म्हणावं."

त्यांनी पाकीट फादरांच्या हातात कोंबलं आणि बायकोचे डोळे आपल्या तळव्यांनी घट्ट झाकले.

"हाताने नाही थांबत, अहो," ती म्हणाली.