भिवराबाईंच्या नावाची पेटी

मंगळवारी सकाळी वालूरहून निघालेल्या एसटीत रेणुकाला खिडकीजवळची जागा मिळाली. मांडीवर वर्षभराची लेक वैष्णवी, झंपराच्या आत छातीला चिकटवलेल्या तारा आणि कमरेला मोबाइलएवढी पेटी. चोवीस तास हृदयाचे ठोके टिपणारी. ती परभणीच्या दवाखान्यात परत द्यायची, एवढंच काम होतं.

पण पेटी तिच्या ओळखीची होती, आणि भीती होती ती त्या ओळखीचीच.

तीन महिन्यांपूर्वी हीच पेटी सासूबाईंना, भिवराबाईंना, बांधली होती. त्यांना उभ्या उभ्या चक्कर यायची. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं : ठोके मध्येच थांबत असतील तर छातीत पेसमेकर बसवावा लागेल, नाहीतर गोळ्यांवर भागेल. काय ते पेटी सांगेल. सोबत एक वही दिली होती, किती वाजता काय केलं ते लिहायला.

म्हातारीनं तासाभरात तारा उपटल्या.

"मेंढरं बुजायलीत ह्या लाल दिव्याला. काढ गं ही बला!"

"आत्याबाई, उद्यापर्यंतच तर..."

"तूच बांध की मग. तुला लय हौस!"

त्या हसत म्हणाल्या, आणि रेणुकानं खरंच बांधली. रिकामी पेटी परत नेली तर पुढची तारीख पंधरा दिवसांनी; पुन्हा लेकरू काखेत घेऊन दोन एसट्या. शिवाय, खरं सांगायचं तर, 'शिकलेली सून, आणि एवढं जमेना' असं दवाखान्यात कुणी म्हणायला नको होतं. वहीत तिनं लिहिलं, 'पहाटे सव्वाचार, मेंढ्या मोजल्या.' ती डी.एड. झालेली, खोटं लिहितानाही शुद्धलेखन चुकलं नाही.

रिपोर्ट स्वच्छ आला. गोळ्या मिळाल्या. अठराव्या दिवशी पहाटे सव्वाचारला मेंढ्या मोजता मोजता भिवराबाई कोसळल्या. दर विसाला त्या कोळशानं भिंतीवर एक रेघ ओढायच्या. त्या दिवशी शेवटची रेघ अर्धीच राहिली.

रेणुकानं नवऱ्याला, भागवतला, काही सांगितलं नाही. तेव्हापासून तिचीच छाती धडधडायला लागली. भागवतच म्हणाला, "आईवानी नगं व्हायला. तू बी तपासून घे."

दवाखान्यातली तपासणीची खोली तळघरात होती. अर्पितानं, म्हणजे तिथल्या तंत्रज्ञ मुलीनं, तारा सोडवल्या, पेटी कॉम्प्युटरला जोडली आणि तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. बॅटरीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्याचा निळसर उजेड तेवढा उरला. स्पिरिटच्या वासात दुसराच एक वास हळूहळू मिसळत गेला... ओल्या लोकरीचा. रेणुकानं पदर हुंगला. पदराला साबणाचाच वास होता.

"ताई, आज पहाटे सव्वाचारला काय करत होता?"

"झोपले होते. ही पोर पण झोपली होती, कधी नव्हे ते."

"हं..." अर्पिता पुढं वाकली. "चढ चढल्यासारखे ठोके वाढलेत. आणि मग... थांबलेत. चार सेकंद. परत एकदा... अशा पाच जागा." ती वळली. "हे तुमच्या वयाचं हृदय वाटत नाही. खरं सांगा, पेटी दुसऱ्या कुणाला बांधली होती का? लोक करतात असं."

हाच प्रश्न तिनं तीन महिन्यांपूर्वीही विचारला होता. तेव्हा रेणुका पटकन 'नाही' म्हणाली होती. आज 'नाही' हेच खरं उत्तर होतं, आणि तेच तोंडातून फुटेना.

"मागच्या वेळी..." ती म्हणाली, "सासूबाईंची पेटी मी बांधली होती. त्यांच्या नावावर माझे ठोके दिले."

अर्पितानं माउस जवळ ओढला. मग तिनं जुना रिपोर्ट उघडला. भिवराबाई, वय बासष्ट. दोन्ही आलेख शेजारी शेजारी आले. जुना तरणाताठा, नवा थकलेला.

"मग हे आत्ताचे ठोके..."

"ह्या वेळी त्यांनी बांधली," रेणुका पुटपुटली. "माझ्या नावावर."

"असं काही नसतं, ताई." पण अर्पितानं खुर्ची जराशी मागं ओढली. "डॉक्टरांना बोलावते. ते पुन्हा तपासतील. कदाचित तुम्हालाच पेसमेकर... वही द्या तेवढी."

वही पिशवीच्या तळाशी होती. शेवटची ओळ रेणुकाच्या अक्षरात : 'रात्री दहा, झोपले.' त्याखाली कोळशाच्या जाड, काळ्या रेघा होत्या.

"बाळानं ओढल्या का?"

रेणुकानं वैष्णवीची मूठ उघडली. तळवा गुलाबी, स्वच्छ. आणि भिवराबाई गेल्यापासून घरात कोळसा उरलाच नव्हता.

अर्पिता बोटानं मोजत गेली. "पाच जागा... पाच रेघा." मग बोट थांबलं. पाचवीच्या पुढं आणखी एक होती. अर्धी.

"ही कशाची...?"

रेणुकाच्या छातीवर डोकं टेकून पेंगणाऱ्या वैष्णवीनं एकाएकी मान उचलली, आणि कानाखाली चालू असलेलं काहीतरी बंद पडल्यासारखी ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.