कपाटाचं कुलूप

जिन्यात डॉक्टर रीबाची धडक बसली ती नेमकी टिजोवर, आणि त्याच्या हातातला चहा दोघांच्या अ‍ॅप्रनवर सांडला. माफी मागायचं सोडून ती कडाडली, "सोनोग्राफीच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

"असते... पण आधी मथाईसरांची सही—"

"सही? आयसीयूत चार वर्षांची अन्ना आहे. रक्तदाब कोसळतोय तिचा. तो क्षणाक्षणाला दिसावा म्हणून धमनीत नळी हवी, आणि तुमचे मथाईसर नाडी चाचपून चारदा टोचून बसलेत. मनगट सुजलंय पोरीचं."

कोट्टयमच्या त्या इस्पितळात रीतच होती: आधी मोठ्या डॉक्टरांचं बोट, ते हरलं तरच मशीन. रीबाला या रीतीची मनस्वी चीड होती. चुकणाऱ्याचं काही जात नाही, दुखतं ते लेकराला.

टिजो भूलतज्ज्ञ, मुलखाचा शांत माणूस. त्याने सहीविनाच मशीन बाहेर काढलं.

"दुसरा हात घ्या," खाटेपाशी तो हळूच म्हणाला. पडद्यावर काळे ठिपके उमटले. "दाबून बघा. चपटी होते ती शीर. जी धडधडत राहते—"

"माहीत आहे मला," ती फणकारली. पण तिचा हात अधांतरी होता. त्याने तिच्या कोपराखाली घडी केलेला टॉवेल सरकवला... पडद्यावर सुईचं टोक चमकलं आणि पहिल्याच खेपेला लालभडक रक्त आलं. आकडा क्षणाक्षणाला दिसू लागला, तशी औषधं जुळवता आली आणि संध्याकाळपर्यंत अन्नाचा रक्तदाब सावरला.

तिसऱ्या दिवशी अन्नाने खायला अप्पम मागितलं आणि टिजोला मेमो मिळाला: सहीविना मशीन दिल्याचा खुलासा करा.

"पोर वाचली त्याचा खुलासा? आणा इकडे." कॅन्टीनमध्ये पळमपोरीची, केळ्याच्या भज्यांची बशी बाजूला सारून रीबाने तो स्वतःच लिहिला, कागद फाटेल इतक्या रागाने. खाली आपली सही ठोकली, शेजारी त्याची घेतली.

टिजो बघतच राहिला. "दोघांची नावं एका कागदावर..."

"मग?"

"आपल्या चर्चमध्ये असा कागद लग्नाआधी रविवारी वाचून दाखवतात."

रीबाचे कान तापले. या खेपेला रागाने नव्हे.

"आधी त्या कपाटाचं कुलूप काढा. मग बोला."

टिजोने खिशातून कुलूप काढलं आणि किल्लीसकट बशीशेजारी ठेवलं. "सकाळीच काढलंय."

कुलूप तिने आपल्या पर्समध्ये टाकलं.

"रविवारी घरी येऊन अप्पच्चनना विचारा. फार चिडतात हं ते. मी त्यांचीच मुलगी आहे."