डावा तळहात कोरडा

निनाददादाचं हृदय धडधाकट होतं. झडपा नीट, भिंती नीट. मग शाळेच्या मैदानावर धावताना ते थांबलं कसं?

"फिट आली," सगळे म्हणाले. आमच्याकडे फिट आली की कांदा हुंगवतात. मीच घरी धावले, कांदा फोडून आणला. तो दादाच्या नाकाशी होता तेव्हाच दादा गेला. तीन वर्षं झाली, मी कांद्याला शिवत नाही.

आता दादाच्या हृदयातला तोच छुपा दोष माझ्यातही निघालाय. आज ऑपरेशन. नलूआत्या, म्हणजे बाबांची डॉक्टर बहीण, माझ्या उशाशी बसलीय. ऑपरेशन करणार टाका, तिचा यंत्रमानव. त्याला खोटं बोलताच येत नाही, मेल्याला!

"ती फिट नव्हती," टाका म्हणाला. "प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी विजेची तयारी करतं. तुमच्या घराण्यात त्याला वेळ लागतो. धावलं किंवा घाबरलं की अनुकंपी चेतातंतू (शरीराला 'पळ!' म्हणणाऱ्या नसा) घाई करतात. तयारी अर्धवट असतानाच ठोका पडतो, लय बिघडते आणि हृदय नुसतं थरथरतं. मेंदूला रक्त मिळत नाही, म्हणून झटके येतात."

"मग कांदा?"

"निरुपयोगी. छाती दाबायला हवी होती."

मी रडायलाच लागले. आत्यानं मला जवळ घेतलं. "अगं, तू आठ वर्षांची होतीस! मी डॉक्टर, पण घरच्या पोरांचा साधा ईसीजी (हृदयातल्या विजेचा आलेख) काढला नाही. चूक माझी आहे, केतकी."

टाका थांबला नाही. "छातीत, कण्याच्या डाव्या बाजूला या नसांची साखळी असते. तिचा तुकडा मी काढणार."

"मग हृदय चालेल कसं?"

"ठोका ते स्वतःच पाडतं. या नसा फक्त घाई करतात."

"मी बरी होईन?"

"नाही. दोष राहील, गोळ्या राहतील. धोका पुष्कळ कमी होईल. डाव्या तळहाताला मात्र घाम येणार नाही. त्याचा घामही याच नसा आणतात."

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी बाहेर कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला. केवढ्यानं दचकले मी! उजवा तळहात घामानं चिंब झाला, डावा कोरडाच. उशाजवळच्या यंत्राच्या पडद्यावर मात्र ठोके ओळीनं चालले होते.

"आत्या," मी म्हटलं, "छाती कशी दाबायची ते शिकव. मी सगळ्या वर्गाला शिकवीन."

तिनं मांडीवर उशी घेतली. उशीवर माझा कोरडा हात ठेवला, त्यावर ओला.

"जोरात दाब," ती म्हणाली. "तुझा दादा आहे समज."

मी दाबत दाबत मोजायला लागले.