वारा : नाही

स्वरदानं नवा केलेला तिसरा पंख विमानावर चढवला, रबर अडकवलं आणि एक डोळा मिटून समोरून पाहिलं. सरळ. अगदी फुटपट्टीसारखा सरळ! आता बघतेच कसं येत नाही नीट, असं म्हणत तिनं रिमोट हातात घेतला.

विमानाचं नाव 'चतुर'. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या काड्या, पतंगाच्या कागदाहून पातळ कागद, नखाएवढी मोटर, सगळं मिळून अठ्ठावीस ग्रॅम. किटमधून सुटे भाग निघतात, जोडायचं आपणच. हे किट तिला निघायच्या आदल्या आठवड्यात मिळालं होतं आणि 'टिटवी'वर तिच्या मालकीची म्हणावी अशी वस्तू ती एवढीच.

टिटवी हे जहाज म्हणजे अवकाशात गरगर फिरणारं एक मोठं चाक. चाकाच्या कडेनं आतून एक रुंद बोळ होता, अडीचशे मीटरचा, दोन मजले उंच. त्याला सगळे चक्रवाट म्हणत. चक्रवाटेला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. चालत राहिलं की माणूस पुन्हा आपल्याच दाराशी. सिरीस नावाच्या लघुग्रहाकडे निघालेल्या या जहाजात अकरा माणसं होती. त्यांतली दहा पस्तिशीच्या पुढची. उरलेली एक स्वरदा, वय वर्षं पंधरा. गेले पंधरा महिने ती आपल्याच दाराशी परत येत होती.

चतुर हातातून सुटला. तीस मीटर गेला आणि नेहमीसारखाच दमलेल्या म्हशीसारखा खाली बसायला लागला. स्वरदानं शेपटीची पट्टी वर उचलली, कसाबसा सावरला, वळवला. आणि परत येताना हाच दमलेला प्राणी एकदम उधळला! वर, आणखी वर, आणि थाड! छताला.

"तिसराही तसाच!" स्वरदा ओरडली. ऐकायला कोणीच नव्हतं, त्यामुळे ती आणखी एकदा ओरडली.

पंख फाटला नव्हता, नशीब. पेटीत आता फक्त एका पंखापुरत्या काड्या उरल्या होत्या.

खोलीत येऊन तिनं नोंदवही उघडली. किटबरोबर आलेल्या या वहीत प्रत्येक उड्डाणाला एक तक्ता होता. तारीख, जाताना ट्रिम, येताना ट्रिम, वारा, शेरा. ट्रिम म्हणजे रिमोटवरचं छोटं बटण. विमान आपोआप सरळ जावं म्हणून ते टिचक्या टिचक्यांनी वरखाली करून ठेवायचं. स्वरदानं लिहिलं : जाताना सहा टिचक्या वर. येताना चार खाली. वारा : नाही.

'वारा : नाही' हा शिरीनचा आणि तिचा जुना विनोद. जहाजात कुठून यायचा वारा? तरी रकाना होता म्हणून दोघी भरायच्या. 'वारा : मागवला आहे, पोचलेला नाही.' 'वारा : रजेवर.' स्वरदा चार वर्षांची असताना चंद्रावरच्या वसाहतीत राहायला गेली होती. वारा म्हणजे आईच्या ओढणीचं टोक सारखं तोंडावर यायचं, एवढंच तिला आठवत होतं.

शिरीन काझी 'पाणकोळी'वर होती. पाणकोळी म्हणजे टिटवीचं जुळं जहाज, पाच महिन्यांनी मागून निघालेलं. त्यातही अशीच एक एकटी मुलगी आणि तिच्याकडेही हेच किट. दोघींची भेट कधी झाली नव्हती, पण एकतीस पत्रं झाली होती. पत्रं पृथ्वीवरच्या अँटेनाच्या मोठ्या तबकडीमार्गे फिरून यायची. सिरीसला पोचल्यावर दोघी शेजारी उभ्या राहून दोन चतुर एकदम उडवणार होत्या. टिटवीच्या हवेत दोन विमानं एकाच वेळी कधीच नव्हती.

आणि शिरीनचं विमान सरळ यायचं! हेच तर दुखणं होतं. सोळाव्या पत्रापर्यंत तिचंही असंच जड-हलकं चालायचं. मग सतरावं पत्र आलं : 'स्वरदे, मी पंख नवा केला आणि काय सांगू, जाताना दोन वर, येताना दोन वर, ट्रिमला हातसुद्धा लावावा लागत नाही! तुझाही पंखच वाकडा असणार. नवा कर.'

तेव्हापासून स्वरदा नवा करत होती.

दुपारी ती पंख घेऊन घोलप काकांकडे गेली. काका जहाजाचे चक्र-अभियंता. चाकाचा वेग तसूभरही बदलू द्यायचा नाही, हे त्यांचं काम.

"आलं का विमानतळ प्राधिकरण," काका म्हणाले. "आज कुठे पाडलंस?"

"पाडलं नाही, आपटलं. छतावर. काका, खरं सांगा, माझा हात वाकडा आहे का?"

"हात माहीत नाही, तोंड आहे. दे इकडे."

त्यांनी पंख काचेवर ठेवला, दोन्ही टोकांखाली कागद सरकवून पाहिला, उलटा करून पुन्हा पाहिला. मग चष्मा काढला.

"काय गं, हा पंख तू केलास?"

"इतका वाईट आहे?"

"इतका सरळ आहे! माझ्या हाताखालच्या पोरांना मी असं काम करा म्हणून वीस वर्षं ओरडलो. याच्यात वाकडं काही नाही."

"मग जाताना जड का आणि येताना हलकं का?"

काका खूश झाले. गेल्या पंधरा महिन्यांत त्यांना त्यांच्या चाकाबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं.

"जेवणघरातून खोलीत जाताना कुठल्या बाजूनं जातेस?"

"डावीकडून. उजवीकडून चढ लागतो. सगळेच डावीकडून जातात."

"चढ? अगं, गोल चाकात चढ कुठून येणार? मी ती फरशी स्वतः मापली आहे."

स्वरदानं मनातल्या मनात चक्रवाटेची एक फेरी मारली. खरंच की! पंधरा महिने सगळे 'चढाची बाजू', 'उताराची बाजू' म्हणत होते आणि तीही म्हणत होती.

"आता ऐक. आपल्याला इथे वजन आहे, कारण चाक फिरतंय. फरशी आपल्याला सारखी वळवत असते, तो तिचा रेटा म्हणजे आपलं वजन. त्याला मी चक्रभार म्हणतो. कडेचा वेग सेकंदाला अकरा मीटर. तू चाकाच्या दिशेनं, म्हणजे अनुचक्र, चाललीस की तुझा वेग त्यात मिळतो. तू जड होतेस. उलट, म्हणजे प्रतिचक्र, चाललीस की वजा होतो. हलकी होतेस. तोच तुमचा चढ, तोच उतार."

"पण विमान फरशीला टेकलेलं नसतं!"

"हवेला टेकलेलं असतं ना? आणि हवा चाकाबरोबर फिरते. चतुरचा वेग किती? चार? मग अनुचक्र अकरा अधिक चार पंधरा, प्रतिचक्र अकरा वजा चार सात. वजन वेगाच्या वर्गानं बदलतं. पंधरा वर्ग दोनशे पंचवीस, सात वर्ग एकोणपन्नास. जाताना तुझं विमान सोळा ग्रॅम भरतं आणि येताना साडेतीन!"

"साडेचारपट!" स्वरदा जवळजवळ उडालीच. "म्हणजे मी दोनदा उगाच नवा केला... काका, म्हणजे माझा पंख पहिल्यापासून बरोबर होता?"

"पहिल्यापासून. फिरत्या जहाजात जगातला सगळ्यात सरळ पंख लावला तरी हेच होणार. कोणाचंही."

"कोणाचंही," ती हसत म्हणाली. आणि हसता हसताच थांबली. "शिरीनचं नाही होत."

काकांनी चष्मा पुसायला घेतला होता. पुसायचा हात थांबला.

"सोळाव्या पत्रापर्यंत व्हायचं," स्वरदा हळूहळू म्हणाली. "सतराव्यापासून नाही. दोन वर, दोन वर. दोन्हीकडे सारखं. काका, पाणकोळी फिरायची थांबली का?"

"फिरणं थांबलं तर आतली माणसं तरंगतील. विमानही तसं उडणार नाही."

"मग दोन्हीकडे सारखं वजन कुठे असतं?"

उत्तर तिला आलेलं होतं, काकांना ते दिसत होतं, आणि शिकवण्याच्या भरात आपण काय करून बसलो हेही त्यांना दिसत होतं.

"पृथ्वीवर," स्वरदाच म्हणाली.

"पाणकोळीचा यंत्रं गार ठेवणारा पंप गेला," काका खाली बघत म्हणाले. "निघून सहाच आठवडे झाले होते. लांब वळसा घालून परत गेले बिचारे. सगळे सुखरूप आहेत. आता पुढचं जहाज दोन वर्षांनी."

"सगळ्यांना माहीत होतं? दहाच्या दहा जणांना?"

"तुझी आई म्हणाली, सिरीसला पोचेपर्यंत थांबू. शिरीनला गप्प राहा असं कोणी सांगितलं नव्हतं हं. तिनंच विचारलं, मी पत्रं लिहीत राहिले तर चालेल का म्हणून."

स्वरदानं पंख उचलला आणि ती चढाच्या बाजूनं खोलीत गेली. पाय जड होत होते. आता का ते माहीत होतं.

तिची आई जहाजाची डॉक्टर. संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली.

"घोलपांनी सांगितलं."

"मला सांगायला हवं होतंस."

"हो," आई म्हणाली. "हवं होतं. रोज ठरवत होते. आणि रोज तू तिचं पत्र आलं म्हणून नाचत यायचीस."

आई आत येऊन पलंगाच्या कडेला बसली, आणि दोघी टेबलावर ठेवलेल्या पंखाकडे बघत राहिल्या.

बत्तिसावं पत्र लिहायला स्वरदाला चार दिवस लागले. पहिल्या मसुद्यात 'खोटारडे' हा शब्द सात वेळा होता. दुसऱ्यात दोनदा. तिसरा मसुदा लिहिताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली आणि तिला भीतीच वाटली. मी सगळं तोडून टाकलं तर या चाकात मला पत्र लिहिणारं कोण उरेल? आणि शिरीन तर पृथ्वीवर आहे. तिथे मुली आहेत, ढीगभर. तरी ती लिहीत होती.

शेवटी तिनं फक्त तक्ता पाठवला. जाताना सहा वर, येताना चार खाली. वारा : नाही. शेऱ्यात लिहिलं : 'पंख सरळ आहे. काकांनी मापला. फिरत्या जहाजात प्रत्येकीचं असंच होतं. तुझंही सोळाव्या पत्रापर्यंत झालं. तुझा पहिला पंखही सरळच होता, शिरीन.'

बस. विचारलं काहीच नाही.

एरवी उत्तर तीन दिवसांत यायचं. तीन झाले. सहा झाले. स्वरदानं चतुर पेटीत घालून ठेवला. नवव्या दिवशी जेवताना काका म्हणाले, "तबकडीची दुरुस्ती वगैरे असेल," आणि ती म्हणाली, "काका, आता पुरे हं," आणि टेबलावरचे दहाही जण आपापल्या ताटात बघायला लागले.

अकराव्या दिवशी पत्र आलं.

'स्वरदे,

आठ पत्रं लिहिली आणि फाडली. मला वाटलं, तुला कळलं की तू लिहायची बंद होशील. मी परत आले तेव्हा इथल्या मुलींची कितीतरी महिन्यांची गुपितं झाली होती, त्यांत मी कुठेच नव्हते. माझी सगळी गुपितं तुझ्याकडेच होती.

एक सांगू? मी नोंदवहीत एकही खोटी नोंद केलेली नाही. बघ शोधून. वारा नाही असं लिहायचं म्हणून मी शाळेच्या हॉलमध्ये उडवत होते, सगळ्या खिडक्या लावून, पंखे बंद करून. इथे कोकणात, हर्णैच्या मे महिन्यात! शिपाईमामांना वाटलं, अवकाशात जाऊन पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. आणि मला खरंच वाटत होतं की माझा पंख वाकडा होता.

आज पहिल्यांदा चतुर किनाऱ्यावर नेला.'

खाली तक्ता होता.

'जाताना ट्रिम : सांगता येत नाही. येताना ट्रिम : आलाच नाही, सुरूच्या झाडात आहे. वारा : आहे.'

स्वरदानं ती शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग उठली आणि चढाच्या बाजूनं, जवळजवळ पळतच, घोलप काकांकडे गेली.

"काका, तुम्ही माझं देणं लागता."

"लागतो," काका लगेच म्हणाले.

"चक्रवाटेतले हवा फिरवायचे पंखे किती आहेत?"

"आठ. का?"

"आठही पूर्ण जोरात लावा. दहा मिनिटं."

"अगं, सगळ्या जहाजात धूळ..." काकांनी तिच्याकडे पाहिलं. "पंख मोडेल. एकाच पंखाच्या काड्या उरल्यात ना तुझ्याकडे?"

"लावा हो."

पंखे सुरू झाले. आधी नुसता घोंघाट. मग तिच्या कपाळावरचे केस हलले, आणि स्वरदा रिमोट धरून तशीच उभी राहिली, कारण गळ्यातल्या स्कार्फचं टोक उडून तिच्या तोंडावर आलं होतं. तिनं ते बाजूला केलं. ते परत आलं.

दारं उघडून माणसं बाहेर आली. आईही आली. स्वरदानं चतुर सोडला. अनुचक्र की प्रतिचक्र, काही कळायला मार्ग नव्हता. तो तिरका झाला, गरकन फिरला, छताखालून गेला, आईच्या डोक्यावरून गेला, आणि सतरा सेकंदांनी जेवणघराच्या दारावर आपटला. इतका सुंदर तो कधीच उडाला नव्हता.

तुकडे वेचून तिनं वही उघडली.

'जाताना ट्रिम : सांगता येत नाही. येताना ट्रिम : आलाच नाही. वारा : आहे, घोलप काकांकडून. शेरा : पंख मोडला. चौथा करायला घेते आहे. तुझा झाडावरून उतरला की कळव, वेळ ठरवू. एकाच वेळी सोडू.'